पिल्लं उडाली नाहीत



परवा लेकीने माझ्या मोबाइलमधले फोटो लॅपटॉपवर घेतले. एकट्या चिंगीचेच सहाशेच्या वर निघाले. चिंगी म्हणजे आमची मांजर. चार वर्षांपूर्वी ऐन पावसात सोसायटीच्या मीटर रूममध्ये सापडली, तेव्हा ओंजळीत मावायची. मांसाहारी जनावर श्रावकाच्या घरात ठेवू नये, हे आमच्याकडचं जुनं वळण. सासूबाई महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. (आता तिचं दूध कोमट झालं का, हे त्याच बोट बुडवून बघतात.)

फोटोंत चिंगी झोपलेली, उन्हात लोळणारी, गॅलरीतून कोलशेतच्या खाडीकडे बघणारी. एकाहून एक गोड. पण बघता बघता वाटलं, हा हिशेब एकतर्फी आहे.

मागच्या फाल्गुनात आमच्या गॅलरीत, कपड्यांच्या दोरीच्या टोकाला शिंजिराच्या मादीने घरटं बांधलं. केवढीशी ती, अंगठ्याएवढी! कोळ्याची जाळी, वाळकी पानं, सालीचे तुकडे चिकटवून लोंबती पिशवी केली, बाजूने दार ठेवलं, दारावर इवलीशी पडवीसुद्धा. नर रंग मिरवत यायचा नि जायचा. अंडी उबवणं सगळं तिच्याकडे. (ओळखीचं वाटलं ना?) मी रोज फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. जाळीच्या दारातून फोटो धूसर येतो म्हणून दार सरकवायचे. नवव्या दिवशी दार सरकवलं, फोटो काढला, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेले. परत आले तेव्हा ती चिंगीच्या तोंडात होती.

आत दोन अंडी होती. उबवायला कोणी उरलं नाही.

याचा फोटो नाही. पंधरा दिवसांनी ग्रुपवर कुणीतरी विचारलं, पिल्लं निघाली का? मी लिहिलं, "हो, उडूनही गेली."

मी बी.कॉम. झाले, नोकरी केली नाही, पण रोजकीर्द सुटली नाही. दूध, भाजी, इस्त्री, सगळं रोजच्या रोज वहीत. त्या रात्री त्याच वहीत लिहिलं: नावे, एक शिंजीर, दोन अंडी, दार मी उघडं ठेवलं. तेव्हापासून रोज दोन ओळी लिहिते, जमाही आणि नावेही. जमेला रस्त्यावरच्या पिंपळाची तांबूस पालवी, पहाटेचा कोकीळ. नावे बाजूला, गेटवर काळूला पोळी घातली आणि शाळेतून येणारी एक मुलगी घाबरून रडली. काळूच्या कानाला नसबंदीची खाच आहे, तो चावरा नाही, पण तिला ते कसं कळणार? भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळण्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर हवी, असं २०२३च्या केंद्राच्या नियमांतच आहे. ते वाचल्यावर मी पोळी मागच्या भिंतीशी नेली. तिथे उजेड कमी; फोटो चांगला येत नाही.

लेक म्हणते, "आई, लोक आनंदाचेच क्षण जपतात. दुःख कशाला लिहायचं?" तिचं चूक नाही. पण आपण प्रतिक्रमणाला बसतो तेव्हा एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत कुणाकुणाला दुखावलं ते आठवायचं असतं. खरं सांगू? मी कित्येक वर्षं ते भरभर म्हणून मोकळी व्हायचे. वहीत शिंजीर लिहिलेला असला की तिथे जीभ अडते.

दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६चं. त्यातला चैत्र नुसत्या शब्दांत आहे, तरी फुलांचे रंग आजही डोळ्यांपुढे येतात. आपल्याला तसं लिहिता येणार नाही, पण दोन ओळी लिहिण्याएवढं बघणं तर जमेल! आणि माझं मत असं, की त्या दोन ओळींत आपली चूकही यावी. मोबाइलला ती दिसत नाही.

चिंगीला सोडून दिलं नाही. पाच मजले खाली तिचं काय होईल, आणि खालच्या चिमण्यांचं? जाळीचं दार आता बंद असतं, कडी लावून.

त्या ग्रुपमधल्या कुणी हे वाचत असाल तर सांगते, पिल्लं उडाली नाहीत.