आवर्तनाचे यंत्र आणि घरचा हिशेब

दशलक्षण पर्व जवळ आले की हातकणंगले परिसरातील जैन घरांत दोन तयाऱ्या सुरू होतात. एक व्रत-उपवासांची आणि दुसरी सायंकाळच्या भक्तिसंगीताची. भाद्रपद शुद्ध पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत रोज मंदिरात आरती, स्तवने होतात. गायला गळे पुष्कळ असतात. दहाही दिवस हाताशी राहणारा तबलजी आणि पेटीवादक मात्र मिळत नाही. याच अडचणीतून एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी यंदा लॅपटॉपचा विषय निघाला.

मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, गळा तयार आहे. साथीला कोणी नसल्याने गेल्या वर्षी मंडळाने तीन संध्याकाळी नुसत्या टाळ्यांवर काढल्या, ही गोष्ट तिच्या मनाला लागून राहिली होती. तिने ‘लाइव्ह लूपिंग’चा मार्ग शोधला. मंचावरच खंजिरीचा ठेका ध्वनिमुद्रित करायचा, तो फिरता ठेवायचा, त्यावर स्वर धरायचा, त्यावर स्वतःचाच दुसरा आवाज चढवायचा आणि मग स्तवन गायचे. नाव परके असले तरी कल्पना परकी नाही. मिरजेचा तानपुरा त्याच चार तारा पुन्हा पुन्हा छेडतो. केरव्याच्या आठ मात्रा पुन्हा पुन्हा समेवर येतात. लूप म्हणजे आवर्तनच.

विक्रेत्याने दीड लाखाचा गेमिंग लॅपटॉप सुचवला. “अण्णा, याच्याखाली चालणार नाही म्हणतात,” मुलगी म्हणाली. “कोण म्हणतं? विकणारा. आधी माल कशाला हवा ते सांग, मग भाव बघू,” वडिलांनी उत्तर दिले. नकार पचवायला ती तयार होती, प्रश्नाला नव्हती. आठ दिवस तिने अभ्यास केला आणि वहीत हिशेब मांडला.

पहिली बाब विलंबाची. जैन दर्शनात काळाच्या सूक्ष्मतम, अविभाज्य अंशाला ‘समय’ म्हणतात. संगणक इतका सूक्ष्म जात नाही. तरी ध्वनीचे तो सेकंदाला साधारण ४४,१०० तुकडे करतो आणि ते गठ्ठ्यागठ्ठ्याने हाताळतो. गठ्ठा १२८ तुकड्यांचा असेल तर सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. आत येताना आणि बाहेर जाताना मिळून ६. ध्वनी हवेतून ६ मिलिसेकंदांत सुमारे दोन मीटर जातो, म्हणजे तबलजी शेजारी बसल्यासारखे वाटते. गठ्ठा १,०२४ तुकड्यांचा केला तर हाच विलंब ४६ मिलिसेकंदांवर जातो. जणू तबलजी सोळा मीटरवर, मंडपाच्या दुसऱ्या टोकाला बसला आहे. त्या अंतरावरून सम कशी साधणार? म्हणून लहान गठ्ठ्यावरही न अडखळणारा लॅपटॉप हवा, ही खरी कसोटी.

त्यासाठी वेगवान प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि एसएसडी पुरेसे ठरतात. गेमिंग लॅपटॉपची बरीच किंमत ग्राफिक्स कार्डापायी मोजावी लागते. लूपिंगच्या कामात त्याचा जवळजवळ उपयोग नाही. उलट त्याचे पंखे मायक्रोफोनजवळ घोंघावतात. साठवणुकीची भीतीही अनाठायी आहे: चांगल्या प्रतीचे स्टीरिओ ध्वनिमुद्रण मिनिटाला सुमारे १६ एमबी जागा घेते. वाचलेल्या पैशांतून ऑडिओ इंटरफेस घ्यावा. मायक्रोफोनचा आवाज संगणकात नेणारी ही छोटी पेटी आहे. विंडोजवर तिच्यासोबत निर्मात्याचा एएसआयओ ड्रायव्हर असणे आवश्यक. मॅकमध्ये ती सोय मुळातच असते.

दुसरी बाब मंचाची. चार्जर जोडताच काही लॅपटॉपांमधून ध्वनिक्षेपकात गुणगुण उतरते, आणि चार्जर काढला तर काही यंत्रे मंदावतात. म्हणून दोन्ही प्रकारे चाचणी घ्यावी. कार्यक्रमापूर्वी वाय-फाय आणि आपोआप होणारे अपडेट बंद करावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपला मायक्रोफोन, इंटरफेस आणि हेडफोन घेऊन दुकानात जावे आणि अर्धा तास वाजवून पाहावे. धान्य मुठीत घेऊन पाहिल्याशिवाय सौदा न करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

तिसरी बाब बिलाची. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. दुकानाच्या नावाने बिल करून ती रक्कम वळती करून घ्यावी, असे कोणीतरी सुचवले. पण कर वळता होतो तो व्यवसायासाठी वापरलेल्या वस्तूवरचा. मुलीच्या गाण्यासाठीच्या यंत्रावरचा नव्हे. वडिलांनी बिल मुलीच्या नावाने करायला सांगितले. स्तवनाचे साधन खोट्या नोंदीने घरात आणायचे नाही, एवढेच ते म्हणाले.

शेवटी सुचवलेल्या किमतीच्या निम्म्याहून कमी रकमेत लॅपटॉप आणि इंटरफेस दोन्ही आले. परिग्रह-परिमाण व्रताचा अर्थ गरजेची वस्तूही नाकारणे असा नाही. गरज कोठे संपते ते ओळखून तेथे थांबणे, असा आहे. ती रेषा बापाने एका प्रश्नाने दाखवली आणि लेकीने हिशेबाने आखली.

आता दुकान बंद झाल्यावर माजघरात सराव चालतो. खंजिरीचा पहिला ठेका एक क्षण जरी चुकला तरी चूक प्रत्येक आवर्तनात परत येते. मग सगळे पुसून पुन्हा आरंभ करावा लागतो. परवा ती तिसऱ्यांदा थांबली, तेव्हा गल्ल्याचा हिशेब जुळवत बसलेल्या अण्णांनी मान वर न करता हाताने मात्रा मोजून दिल्या. चौथ्या वेळी सम बरोबर आली.