डोंगरावरचा उस्ताद

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी एखादे पालक आम्हाला बाजूला घेऊन विचारतात, "सर, पोराचं सगळं लक्ष गाडीत आहे. गॅरेजला टाकू का?" आवाजात थोडी शरम असते. शिक्षणाचे सगळे दरवाजे बंद झाले, आता गॅरेजच उरले, असा त्यांचा समज असतो. अशा घरांसाठी आज आम्ही एका दूरदेशीच्या वर्कशॉपची हकीकत सांगतो.

इटलीच्या पोटात सॅन मरिनो नावाचा चिमुकला देश आहे. क्षेत्रफळ जेमतेम ६१ चौरस किलोमीटर. हा देश वसला आहे टिटॅनो नावाच्या ७३९ मीटर उंच डोंगरावर आणि त्याच्या आसपास. या डोंगराळ मुलखात कॅजिवा या मोटारसायकल कंपनीचे संशोधन केंद्र होते आणि तिथले उस्ताद होते मासिमो तांबुरिनी.

तांबुरिनींचा जन्म १९४३ चा, जवळच्या रिमिनी गावचा. विद्यापीठाची इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे नव्हती. घरे-इमारती गरम ठेवण्याच्या यंत्रणेचे काम करून ते पोट भरत. वेड मात्र मोटारसायकलचे. १९७२ मध्ये मिसानोच्या ट्रॅकवर होंडा चालवताना पडले आणि तीन बरगड्या मोडल्या. बरे झाल्यावर त्यांनी त्याच गाडीच्या इंजिनाभोवती स्वतःच्या कल्पनेची नवी चौकट बांधली. त्यातून बियांकी, मोरी आणि तांबुरिनी या तीन भागीदारांच्या आडनावांची आद्याक्षरे मिळून 'बिमोटा' हे मोटारसायकलचे नाव जगापुढे आले. १९८५ मध्ये ते कॅजिवाकडे गेले. त्याच वर्षी डुकाटी कंपनीही कॅजिवाच्या मालकीची झाली.

डुकाटीचा कारखाना बोलोन्या शहरात आणि गाडीची रचना होई इकडे सॅन मरिनोत, एका छोट्या गटाच्या हातून. कारखान्याच्या रोजच्या धावपळीपासून दूर असल्याने एकच वस्तू पुन्हा पुन्हा करून बघायला इथे सवड होती. पण काम सोपे नव्हते. तांबुरिनींची नजर बारीक. गाडीवरचा साधा स्क्रूसुद्धा विचार करून बसवलेला असावा, हा त्यांचा आग्रह.

१९९३ च्या मिलानच्या प्रदर्शनात डुकाटी ९१६ लोकांसमोर आली, तेव्हा त्या आग्रहाचा अर्थ कळला. मागचे चाक एकाच बाजूच्या दांड्यावर धरलेले, म्हणजे शर्यतीत ते पटकन बदलता येते. सायलेन्सर सीटखाली, म्हणजे वळणावर गाडी आडवी झाली तरी तो रस्त्याला घासत नाही. बाजूची आवरणे पाव फेरीत उघडणाऱ्या स्क्रूंवर बसवलेली, म्हणजे मेकॅनिकचा वेळ वाचतो. रूप देखणे, पण त्यातल्या कितीतरी वळणांमागे एखादे काम दडलेले. १९९४ मध्ये कार्ल फोगार्टी याच गाडीवर सुपरबाइकचा जगज्जेता झाला.

आता नीट ऐका. या गाडीचे इंजिन तांबुरिनींचे नव्हते. ते दुसऱ्या मासिमोच्या डोक्यातून आले होते. मासिमो बोर्डी हे विद्यापीठात शिकलेले इंजिनिअर. व्हॉल्व्ह स्प्रिंगऐवजी यंत्रणेनेच बंद करायची डुकाटीची जी पद्धत आहे, ती चार व्हॉल्व्हच्या इंजिनात कशी बसवावी, यावर त्यांनी विद्यार्थिदशेतच प्रबंध लिहिला होता. एक मासिमो वर्कशॉपमधून घडलेला, दुसरा पुस्तकातून. दोघांतला एक जरी नसता तरी ९१६ झाली नसती. म्हणून "शाळा की गॅरेज" हा झगडाच आम्हाला चुकीचा वाटतो.

शागिर्दाचे काय झाले, तेही सांगतो. ९१६ च्या कामात सर्जिओ रोब्बियानो नावाचा तरुण डिझायनर तांबुरिनींच्या हाताखाली होता. पुढे त्याने स्वतःचा स्टुडिओ काढला आणि डीबी-५ ही नावाजलेली गाडी डिझाइन केली. कोणासाठी? त्याच बिमोटासाठी, जी उस्तादाने उभी केली होती! तांबुरिनी २०१४ मध्ये गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांचे काम मात्र असे मागे राहिले.

आपल्याकडे गॅरेजमध्ये आजही 'उस्ताद' हाच शब्द चालतो. पण प्रत्येक पाना धरणारा उस्ताद नसतो. काही ठिकाणी पोरगा चार-चार वर्षे फक्त चहा आणतो आणि चेन धुतो. मजुरी थोडी मिळते, हुनर मिळत नाही आणि शाळा मात्र सुटते. हे नुकसान कोणी मोजत नाही.

म्हणून पालकांनो, गॅरेज निवडताना तीन गोष्टी विचारा. उस्ताद काम करताना कारण सांगतो का? मुलाने बिघडवलेले काम त्याच्याचकडून पुन्हा करून घेतो का? आणि अभ्यासाला, परीक्षेला सुट्टी देतो का? तिन्हींचे उत्तर 'हो' असेल तर ते गॅरेज एक वर्गच समजा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे विसरू नका. दहावी पास झालेल्याला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे, तिथे आधी चौकशी करा. आणि ज्या मुलाचा हात गाडीत रमतो, त्याच्या हातात पान्याबरोबर पेन्सिल, पट्टी आणि भूमितीचे पुस्तकही द्या. चौकटीची नळी किती अंशात वाकवायची, हे त्याला तिथूनच कळणार आहे.