साबुदाण्याचा नकाशा

आमच्या दिवाणखान्यातल्या रंगीबेरंगी चित्रापुढे पाहुणे हमखास थबकतात. एका काकूंनी विचारले, "गोधडीचा फोटो का हो?" दुसऱ्यांनी मॉडर्न आर्ट समजून मान डोलावली. खरे तर ती आमच्या एम. एस.च्या दिवसांतली, २००४ सालची चिप आहे. मूळ चिप दीड मिलिमीटर चौरस, साबुदाण्याहूनही लहान. ६०० पट मोठी होऊन ती ३६ इंची कागदभर पसरली आहे.

चिपचा आराखडा जीडीएस-टू नावाच्या फाइलमध्ये असतो. त्यात रंग नसतात. नुसत्या आकृत्या आणि थरांचे क्रमांक. कुठल्या थराला कुठला रंग, ते आपण ठरवायचे. पॉलिसिलिकॉन लाल, डिफ्यूजन हिरवे, पहिला धातू निळा, ही जुनी वहिवाट. आम्ही उत्साहाने सगळे थर गच्च रंगवले. प्लॉटरमधून कागद निघाला तो असा, की वरच्या धातूने खालचे सगळे झाकून टाकलेले! मग शहाणपण आले, की थर तिरप्या रेघांनी नाहीतर ठिपक्यांनी भरायचे, म्हणजे खालचा थर वरच्यातून डोकावतो. कागद-शाई विभागाची होती, म्हणून खिसा वाचला.

त्याच सुमारास आई-बाबा पहिल्यांदा अमेरिकेत आले होते. बाबा नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. इथे गाडी चालवता येत नाही, ओळखीचे कोणी नाही. दुपारभर खिडकीशी बसून असायचे. एका शनिवारी त्यांना लॅबमध्ये नेले. टेबलावर नवा प्लॉट अंथरलेला. बाबांनी चष्मा पुसला.

"मेन लाइन कुठली?"

"ही रुंद पट्टी. इथून सगळीकडे वीज जाते."

त्यांचे बोट पट्टीवरून सरकत गेले आणि एका वळणावर थांबले. "पाऊण इंची लाइन, आणि इथे हा दोरा कशाला? पुढच्या वस्तीला पाणी कसं पोचणार?"

हसायला उघडलेले आमचे तोंड तसेच राहिले. ३० मायक्रॉनची पट्टी त्या वळणावर दीड मायक्रॉनच्या तुकड्याने जोडली होती. संगणकाच्या दोन्ही तपासण्यांत मात्र आम्ही पास! रेघ किमान रुंदीपेक्षा बारीक नाही ना, हे एक तपासणी बघते. जोडणी सर्किटप्रमाणे आहे ना, हे दुसरी. दोन्ही बरोबरच होत्या. पण ॲल्युमिनियमच्या रेघेला मायक्रॉनभर रुंदीमागे साधारण एक मिलिअँपिअर सोसतो, आणि इथून २० जाणार होते. अशा जागी इलेक्ट्रॉनांचा लोंढा धातूचे अणू हळूहळू वाहून नेतो आणि एके दिवशी रेघ तुटते. पडद्यावर आम्ही महिनाभर एकेक गल्ली न्याहाळत होतो. अख्खे गाव एकदाही पाहिले नव्हते.

सोमवारी फाइल कारखान्याकडे जायची होती. रविवारी दुरुस्ती केली. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. त्या रात्री त्यांनी भात दुसऱ्यांदा वाढून घेतला.

आता प्रवाहाचा हिशोबही सॉफ्टवेअर करते. आणि १० मिलिमीटरची चिप ३६ इंचांवर जेमतेम ९० पट होते. तिच्या नॅनोमीटरमधल्या रेघा शाईच्या एका ठिपक्यात गडप होतात. अख्खी चिप छापून भिंतीलाच शोभा.

आमच्या भिंतीवरचा प्लॉट मात्र दुरुस्तीआधीचा आहे. जवळ जाऊन पाहिलेत, तर एका वळणाशी पेन्सिलीचे वर्तुळ दिसेल. ते बाबांचे. तुमच्याकडे आई-बाबा आले, तर त्यांना नायगरा दाखवाच. पण आपल्या कामाचा कागदही एकदा त्यांच्यापुढे ठेवा.