आणखी एक गोळी



पुण्याच्या माझ्या काकांना बारा वर्षे पार्किन्सन आहे. २०२३ पर्यंत त्यांच्या गोळ्या मी इथून, कॉर्कमधून, फोनवर मागवून देत असे. दुकानदार ओळखीचा, प्रिस्क्रिप्शन बघतो कोण? महिन्याचा साठा वीस दिवसांत संपू लागला तेव्हा मला वाटले, आजार वाढला असेल. काकू म्हणाली, "अरे, अंग सारखं वळवळतंय, तरी म्हणतात आणखी एक गोळी दे. रात्री तीनला रेडिओ उघडून बसतात." मी मेंदूविज्ञानातला पीएच.डी., आणि मला उमगले नाही!

ह्याला डोपामिन डिसरेग्युलेशन सिंड्रोम म्हणतात. लंडनच्या डॉक्टरांनी २००० साली त्याचे वर्णन केले. लेव्होडोपापासून मेंदूत डोपामिन बनते. ते हालचालीला लागते, तसेच 'हवेहवेसे' वाटण्यालाही. थोड्या रुग्णांना मग औषधाचीच ओढ लागते, विशेषतः तरुणपणी आजार जडलेल्यांना आणि मोठे डोस घेणाऱ्यांना. असर उतरला की घबराट, उदासी. काकांना 'व्यसनी' म्हणणारे नातेवाईक मला क्रूर वाटतात. पण "ह्या वयात कशाला अडवायचे" म्हणणारेही काही दयाळू नव्हेत.

अडवायचे तरी कसे? औषध एकदम तोडले तर ताप चढून शरीर ताठरते, जिवावर बेतू शकते. डोस उतरवायचा तो न्यूरॉलॉजिस्टने, हळूहळू. लिहून देणारा डॉक्टर एकच, दुकान एकच, आणि डब्याची किल्ली दुसऱ्याकडे. आयर्लंडमध्ये ही औषधे लाँग टर्म इलनेस योजनेत फुकट मिळतात, पण प्रिस्क्रिप्शनशिवाय नाही. मला पूर्वी ही कटकट वाटे.

काकांच्या कपाटात कपिकच्छूचे चूर्णही सापडले. 'नैसर्गिक' म्हणून डॉक्टरांना सांगितलेच नव्हते. कपिकच्छू म्हणजे आपली खाजकुहिली. तिच्या बियांत लेव्होडोपाच असते, १९३७ साली भारतीय शास्त्रज्ञांनीच ते त्यातून वेगळे काढले होते.

आपल्यापैकी कितीजण आईवडिलांची औषधे अशी परस्पर मागवतात? कृपा करून ते थांबवा. त्याऐवजी डॉक्टरांच्या भेटीच्या वेळी फोनवर हजर राहा आणि साठा किती दिवस पुरला ते विचारा. घरातले माणूस लाजेने बोलत नसेल तर तुम्ही बोला.

आता किल्ली काकूकडे असते. काका अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. काकू मात्र रात्री झोपते.