लाइनीतलं चाक आणि ऑफसेटचा हिशेब

अमरावती-अकोल्याकडे गाडीला नवे अलॉय घेताना गिऱ्हाइकाची मागणी बहुधा एकच असते: चाक बॉडीच्या लाइनीत आलं पाहिजे, आत दबलेलं दिसायला नको. ही मागणी चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. कंपनीतून आलेलं चाक फेंडरच्या बरंच आत राहतं आणि ते बाहेर आलं की गाडी भरदार दिसते, हे कबूल करायला हवं. माझा आक्षेप ती लाइन गाठण्याच्या रीतीवर आहे. दुकानात ‘किती बाहेर येईल?’ एवढंच विचारलं जातं. कशाच्या जोरावर बाहेर येईल, हे विचारायचं राहून जातं, आणि पुढचा सगळा खर्च त्या न विचारलेल्या प्रश्नातून निघतो.

चाक बाहेर आणायच्या वाटा दोन. एक रुंदी वाढवण्याची, दुसरी ऑफसेट कमी करण्याची. ऑफसेट म्हणजे चाकाची मध्यरेषा आणि चाक हबवर जिथे टेकतं तो पृष्ठभाग यांतलं अंतर. रिमवर ते ‘ईटी’ या अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये कोरलेलं असतं. समजा, मूळ चाक ६ इंच रुंद आणि ईटी ४५ आहे. रुंदी तीच ठेवून ईटी २५ चं चाक घेतलं, तर बाहेरची कड २० मिलिमीटर पुढे येते. आता ७ इंची, ईटी ३८ चं चाक घेऊन पाहा. वाढलेला एक इंच दोन्हीकडे १२.७ असा वाटला जातो, त्यात ऑफसेटचे ७ मिळवले की १९.७ होतात. बाहेर उभं राहून पाहणाऱ्याला दोन्ही गाड्या सारख्याच दिसतील. पण पहिल्या गाडीत चाकाची मध्यरेषाच २० मिलिमीटर सरकली, म्हणजे गाडीचं वजन आणि रस्त्याचा धक्का बेअरिंगपासून तेवढ्या लांबून बसणार, आणि एक चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंगला हिसका जास्त लागणार. दुसऱ्या गाडीत मध्यरेषा फक्त ७ सरकली. मात्र आतली कड ५.७ मिलिमीटर शॉकॲब्सॉर्बरच्या जवळ गेली. एका वाटेने बेअरिंगचं आयुष्य खर्ची पडतं, दुसऱ्या वाटेने आतली मोकळी जागा. फुकटात लाइन कुठेच मिळत नाही.

यावर ‘रुंद चाकाने गाडी रस्ता धरते, अंतर वाढल्याने स्थिर होते’ हे उत्तर हमखास येतं. आकडे मांडून बघू. दोन्ही बाजूंना २० म्हणजे एकूण ४० मिलिमीटर. मोटारीच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण दीड मीटर धरलं तर वाढ तीन टक्क्यांच्याही आत. तेवढ्याने वळणावर पडणारा फरक शहरात चालवणाऱ्याला जाणवायचा नाही. रुंद टायर कोरड्या डांबरावर काही फायदा देतो, खरं आहे. पण हवा तेवढीच असेल तर साचलेल्या पाण्यावर तोच आधी तरंगतो. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती डांबरावर आणून टाकलेल्या रस्त्यावर कोणता गुण कामाचा, हे वऱ्हाडातल्या ड्रायव्हरला सांगायला नको. रुंद रिमवर ताणून बसवलेल्या अरुंद टायरची तर बाजूच घ्यायला नको. २०५/५५ आर १६ टायरला साडेपाच ते साडेसात इंचांची रिम मान्य आहे, त्यापलीकडे जाऊन मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात चार माणसं बसवणं हे धाडस नव्हे, अडाणीपणा आहे.

दुसरा मुद्दा रस्त्यांचा. ‘आता हायवे झाला ना!’ झाला, जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला टप्प्यावर राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटरची सलग एकपदरी डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. पण गाडी हायवेवरच थांबत नाही. ती शेताच्या पांदणीत उतरते, परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढते. घाटातल्या वळणावर स्टिअरिंग पूर्ण वळलेलं, मागे तिघं, डिकी भरलेली आणि एक चाक खड्ड्यात. चाकाचं माप या क्षणाला धरून ठरवावं. शोरूमच्या फरशीवर उभ्या रिकाम्या गाडीला कोणतंही चाक बसतं.

‘जर्मनीत तर सगळेच असं करतात’ असंही म्हणतात. युरोपच्या नियमात चाकाच्या मध्याच्या पुढे ३० आणि मागे ५० अंशांपर्यंतचा टायरचा पट्टा फेंडरखाली झाकलेला असावा लागतो. म्हणजे तिथलं ‘फ्लश’, अर्थात लाइनीतलं चाक, झाकणाच्या आतलं आहे. इथे नमुना म्हणून दाखवतात ती चाकं बाहेर डोकावणारी, मुरुमाचे खडे दारावर आणि मागच्याच्या काचेवर फेकणारी. आपल्याकडेही गाडीतल्या बदलांबाबत मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं म्हटलं आहे. अपघातानंतर विमा कंपनीला वाद घालायला आयती जागा कशाला द्यायची?

पण ‘कंपनीने दिलं तेच अंतिम’ म्हणणाऱ्या जुन्या मिस्त्रींचं म्हणणंही मला पटत नाही. २०१८ च्या स्विफ्टला खालच्या मॉडेलात १६५/८० आर १४ आणि वरच्यात १८५/६५ आर १५ अशी दोन मापं कंपनीनेच दिली होती. मूळ चाकात किंमत, मायलेज, उत्पादनाची सोय असे अनेक तडजोडीचे हिशेब असतात. त्याला वेदवाक्य मानायचं कारण नाही. बदल करावा, फक्त त्याची मर्यादा गाडीने ठरवावी.

ती मर्यादा शोधायला यंत्र लागत नाही. फेंडरच्या वरच्या कडेला चिकटपट्टीने दोरा लावा, खाली एक नट बांधून ओळंबा करा आणि चाकाच्या वरच्या भागापासून दोऱ्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. मग गाडीत माणसं बसवून पुन्हा मोजा. पुढचं आणि मागचं माप वेगळं घ्या, कारण पुढचं चाक दबताना बहुधा आत कलतं, तर साध्या बीमच्या मागच्या चाकाला तशी सवलत नसते; म्हणून घासायला सुरुवात बहुतेक मागूनच होते. टॉर्च लावून आतल्या बाजूला शॉकॲब्सॉर्बरपर्यंतची फटही मोजा. या दोन आकड्यांवरून आधी टायर ठरवा, मग त्याला मान्य असलेली रुंदी, आणि उरलेली कसर ऑफसेटने भरा. अर्धा ते एक इंच रुंदी आणि ऑफसेटमध्ये पाच-सात मिलिमीटर एवढ्यात बहुतेक गाड्या नीटनेटक्या दिसू लागतात. याहून जास्त हवं असेल तर हब आणि चाकाच्या मधे स्पेसर घालायचे, फेंडरची कड ठोकून वळवायची, हे उद्योग मागे लागतात. दुकानदार स्पेसर पुढे करू लागला की तो चाकांचा संच परत ठेवा आणि दुसरा ईटी मागा.