नानांचे स्टेशन, मुरबाडची एसटी

2025 च्या ऑक्टोबरात मुंबईची भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावू लागली आणि मुंबई सेंट्रलजवळच्या स्थानकावर नाव झळकले: जगन्नाथ शंकरशेठ. उचितच झाले. ‘नाना’ म्हणून ओळखले जाणारे शंकरशेठ हे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या पहिल्या संचालकांपैकी एक. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या पहिल्या गाडीतही नाना होते. त्यानंतर 172 वर्षांनी मेट्रोच्या पाटीवर त्यांचे नाव आले. मुंबई सेंट्रललाही तेच द्यावे, असा प्रस्ताव राज्याने केव्हाच पाठवला आहे.

आता नानांच्या जन्मगावी, मुरबाडला जाऊन पाहा. कल्याणला लोकलमधून उतरायचे, स्टेशनबाहेरच्या एसटी स्थानकात यायचे आणि गाडी लागताच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची. मुरबाडला रेल्वे नाही.

शेजारच्या शहापूरची गोष्ट वेगळी. लोहमार्ग 1855 त वासिंदला आणि 1861 त कसाऱ्याला पोचला, तोही नानांच्या हयातीत. रूळ शहापूर गावाला बगल देऊन गेले, म्हणून त्याचे स्टेशन ‘आसनगाव’ झाले. पुढची तानशेत, उंबरमाळी ही नावेही गावांचीच. उंबरमाळी म्हटले की उंबर आणि माळ दोन्ही डोळ्यांपुढे उभे राहतात. या नावांसाठी ना समिती बसली, ना ठराव झाले. दादरच्या इंडिकेटरवर तर कसारा म्हणजे नुसते ‘एन’ आणि आसनगाव म्हणजे ‘एएन’. तेवढ्या अक्षरावर चाकरमानी धावत डबा गाठतो. पाटीवर आपले गाव नाही म्हणून शहापूरकर रुसून बसलेला नाही. तो आसनगावला उतरतो, रिक्षात बसतो आणि घरी जातो. त्याची तक्रार असलीच तर गाड्या कमी आहेत ही.

मुरबाडकराची गत नेमकी उलटी. शहापूरला नावाविना गाडी मिळाली, मुरबाडला गाडीविना नाव. गावचा माणूस पाटीवर चढला, गाव मात्र रुळावर आलेच नाही. कल्याण-मुरबाड मार्गाला मंजुरी मिळाली, सर्वेक्षण झाले, घोषणा तर दर निवडणुकीला नव्याने होते. पण गाडी काही आली नाही. अंतर आहे तीस किलोमीटरच्या आसपास. बोरीबंदर ते ठाणे साधारण चौतीस किलोमीटर. तेवढा मार्ग त्या काळी अंगमेहनतीवर उभा राहिला होता.

नामकरणाला फारसा खर्च येत नाही, भूसंपादन लागत नाही आणि उद्घाटनाचा फोटोही चांगला येतो. म्हणूनच सरकारांना ते आवडते. उद्या मुरबाडला रेल्वे आलीच, तर स्थानकाला कोणाचे नाव द्यायचे यावर वाद जरूर घालू. पण पाटी टांगायला आधी फलाट तर हवा!