घराच्या लांकडांतील भुंगा व त्याचा बंदोबस्त

उन्हाळा तोंडावर आला म्हणजे आमच्या अकोट तालुक्यांत जुन्या वाड्यांच्या व गोठ्यांच्या लांकडांभोंवतीं काळा भुंगा घोंघावूं लागतो, आणि खालीं ओसरीवर भुसा पडूं लागतो. हें दिसतांच कपाशीच्या फवारणींतून उरलेलें औषध आणून त्या भोंकांत ओतण्याची चाल अनेक घरीं पडली आहे. ही चाल घरास धोक्याची, शेतास तोट्याची, आणि लांकूड वांचविण्याच्या दृष्टीनें निरुपयोगी आहे, असें प्रस्तुत लेखकाचें स्पष्ट मत आहे.

प्रथम ओळख पटली पाहिजे. नांवाच्या सारखेपणामुळें घोटाळा होतो. पहिल्या पावसानंतर रात्रीं कडुनिंबावर व बाभळीवर जमतो तो भुंगेरा. त्याचीच अळी हुमणी होय. त्याचा नाश करणें योग्यच आहे. लांकूड कोरणारा भुंगा मात्र मधमाशीच्या कुळांतला आहे. तो अंगानें जाड व काळा, पोटाच्या पाठीवर गुळगुळीत व चकचकीत असून त्याच्या पंखांवर निळसर-जांभळी झांक असते. कांहीं जातींत नर पिवळसर असतो. तोंडासमोर येऊन भिववितो तो बहुधा नरच. त्याला नांगी नसते. मादीस नांगी असते, पण हातीं धरल्यावांचून ती सहसा डंख करीत नाहीं.

लांकडावरील खुणाहि निरनिराळ्या आहेत. मातीच्या नळ्या दिसल्या तर ती उधई. टांचणीच्या टोंकाएवढीं असंख्य छिद्रें व पिठासारखा बारीक भुगा असेल तर तें घुणाचें काम. गिरमिटानें पाडल्यासारखें, करंगळी जाईल एवढें वाटोळें भोंक, त्याखालीं जाडसर भुसा व पिवळे डाग दिसले तर तो भुंगा समजावा. उधई व घुण लांकूड खातात. भुंगा तें केवळ कोरतो. त्याचें अन्न मध व पराग. मादी आंत शिरून लांकडाच्या रेषेनें वळते व चार-सहा इंच बोगदा करिते. त्यांत पराग व मध यांचा गोळा ठेवून त्यावर एक अंडें घालिते, भुशाचा पडदा करिते, आणि पुढची खोली मांडिते. कोरडें लांकूड कोरणारा हा भ्रमर आपल्या लोकांस नवा नाहीं. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायांतहि त्याचा दृष्टान्त आलेला आहे.

नुकसान होतच नाहीं, असें म्हणणें नाहीं. एका वर्षाच्या भोंकानें तुळईस कांहीं होत नाहीं. परंतु जुन्या बोगद्यांत पुढच्या पिढ्या राहूं लागल्या म्हणजे ते वाढत जातात, त्यांत पाणी मुरतें व लांकूड कुजूं लागतें. महसूल खात्यांत असतांना पावसाळ्यांतील पडझडीचे पंचनामे लिहिण्याचा प्रसंग लेखकावर अनेकदां आला. पडलेल्या तुळईचें मूळ गळकें छप्पर, उधई आणि वर्षानुवर्षें तेल न पाहिलेलें लांकूड यांतच बहुधा सांपडे. केवळ भुंग्यानें घर पाडलें, असें एकदांहि लिहावें लागलें नाहीं.

आतां विषाची गोष्ट. 2017 सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. उघड्या रानांत ज्या औषधाचा हा परिणाम, तें निजण्याच्या खोलींत किंवा सरकी-ढेपेच्या व वैरणीच्या वर ओतणें म्हणजे आपण होऊन संकट घरांत घेणें होय. शिवाय आंतला भुंगा मेला तरी भोंक उघडेंच राहतें, व पुढच्या वर्षीं दुसरा त्यांत शिरतो. सबब औषधाचा खर्च दरसाल होतो आणि लांकूड होतें तसेंच राहतें.

शेताचा तोटा याहून मोठा आहे. वांग्याच्या फुलांतील पराग नळीसारख्या कोशांत कोंडलेला असतो. भुंगा फूल धरून अंगाची थरथर करितो तेव्हां तो सांडतो. पोळ्यांतल्या मधमाशीस हें साधत नाहीं. तागाचें फूल उघडून बीं धरविण्यास अशीच जड व बळकट माशी लागते. शेवग्यावर व तुरीवरहि त्याची फेरी असते. तूर स्वतःच्या परागानेंहि फळते, हें खरें. तथापि वांगीं, शेवगा व तागाचें बीं घेणाऱ्यानें हा बिनपगारी गडी मारूं नये.

मग करावें काय? नवें भोंक तारेनें मोजून पाहावें. तें अर्धा-एक इंचच खोल असेल, तर भुंगा बाहेर गेला असतां लगेच बुजवावें. बोगदा खोल असेल तर आंत पिलें असण्याचा संभव असतो. दीड-दोन महिने थांबून, येजा बंद झाल्याची खात्री करून मगच बुजवावा. नुसती लांबी भरल्यास भुंगा ती पुन्हां कोरतो. लांकडाची मेख सरसांत बुडवून ठोकावी, वर लांबी लावावी. नंतर उघड्या लांकडास तेलरंगाचे दोन हात द्यावे. रंग नको असल्यास उकळलेलें जवसाचें तेल द्यावें. मात्र तें वरचेवर द्यावें लागतें. तेलाचीं फडकीं ढीग करून टाकूं नयेत. तीं आपोआप तापून पेट घेतात. कापूस सांठविणाऱ्या घरांत ही खबरदारी विशेष घ्यावी. भुंग्यासाठीं बांधावर एखादें वाळकें खोड व पोकळ बांबूचे तुकडे राहूं द्यावे.

कोणी म्हणतील, एवढी दगदग कोणीं करावी? जो बैलगाडीच्या आंसास वंगण देतो व विहिरीवरील मोटारीची निगा राखतो, त्यास वर्षांतून एक दिवस घराच्या लांकडासाठीं काढणें जड नाहीं. आपल्या मंडळानें दरवर्षीं होळीपूर्वीं जवसाचें तेल व रंग एकत्र खरेदी करून सभासदांस खरेदीच्या भावानें द्यावा, अशी सूचना आहे. गांवोगांवच्या सभासदांनीं ती पुढील सभेपुढें मांडावी. घर राखणें हें मालकाचें काम आहे. तें विषाच्या बाटलीवर सोंपवूं नये.